फुल फ्रेम घ्यावा का? दशावतार पण हवा आणि खंड्या पण

माडाखालचा | ३ नोव्हेंबर, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी वेंगुर्ल्याजवळ राहतो. कॅमेरा निकॉन डी७२००. सोबत दोन लेन्स, १८-१४० मिमी आणि २००-५०० मिमी एफ/५.६. फोटोग्राफी हा पोटापाण्याचा धंदा नाही, त्याला काजू आहे. मनापासून फोटो काढतो ते दोनच गोष्टींचे. पावसात घरामागच्या व्हाळावर (ओढ्यावर) तिबोटी खंड्या येतो, त्याचे. आणि त्रिपुरारी पौर्णिमेच्या आसपास जत्रा सुरू झाल्या की दशावताराचे.

खंड्याचं बरं चाललंय. दशावताराची मात्र दरवर्षी रड. १८-१४० लांब केली की एफ/५.६, म्हणजे लेन्सचं भोक बारीक. त्यावर शटर १/६० सेकंद आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदना) ६४००, म्हणजे फोटो दाणेदार. राजा उडी मारतो तेव्हा फोटोत नुसता झगा येतो, राजा येत नाही. वर दिव्यांभोवती धुकं असल्यासारखं पांढुरकं वलय. गेल्या वर्षीचे फोटो बायकोने पाहिले आणि विचारलं, "ह्या स्त्रीपार्टीला गोवर आलाय काय?"

यंदा काजूचे बरे पैसे झाले. सव्वा लाख बाजूला ठेवलेत. मुंबईचा मावसभाऊ म्हणतो, डोळे मिटून फुल फ्रेम घे, म्हणजे मोठ्या सेन्सरचा (प्रकाश टिपणाऱ्या चिपचा) कॅमेरा. डोळे मिटायच्या आधी इथे विचारतोय. जाणकारांनी प्रकाश टाकावा, कारण जत्रेत तोच कमी पडतोय.

टोपी_वाकडी | ३ नोव्हेंबर, रात्री ९:५२

वाचतोय. खाजं घेऊन बसलोय.

चाकरमानी_३ | ३ नोव्हेंबर, रात्री १०:१५

घ्याच! मीही क्रॉपवाला (लहान सेन्सरवाला) होतो. चार वर्षांपूर्वी निकॉन झेड५ (मिररलेस, बिनआरशाचा) घेतला आणि मागे वळून पाहिलं नाही. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी, तुमचा साधारण २३.५ × १५.६. म्हणजे दुपटीहून जास्त क्षेत्रफळ. आयएसओ ६४०० बिनधास्त वापरा. शिवाय बॉडीतच स्टॅबिलायझेशन आहे, हात थरथरला तरी चालतं. ॲडाप्टर लावून तुमची २००-५०० पण चालेल. डीएसएलआरमध्ये (तुमच्यासारख्या आरशाच्या कॅमेऱ्यात) आता पैसे घालणं म्हणजे आटलेल्या विहिरीला नवा रहाट बसवणं.

गणिती | ३ नोव्हेंबर, रात्री ११:०५

चाकरमानी, क्षेत्रफळ बरोबर सांगितलंत, पुढचा गुणाकार राहिला. तो करतो.

३६ × २४ = ८६४ चौरस मिमी. डी७२०० चा सेन्सर साधारण ३६७. भागाकार २.३५. तीच लेन्स, तेच एफ, तीच शटर स्पीड आणि तीच चौकट धरली तर फुल फ्रेमवर २.३५ पट प्रकाश गोळा होतो, म्हणजे सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). कॅननचा क्रॉप थोडा लहान असतो, तिथे २.६ पट. बॉडी बदलून मिळणारा फायदा एवढा. कमी नाही, पण जादूही नाही.

आता धागाकर्ते एफ/५.६ वर काढतायत. त्याजागी एफ/१.८ ची लेन्स लावली तर ५.६ भागिले १.८, त्याचा वर्ग, म्हणजे ९.७ पट प्रकाश. सव्वातीन स्टॉप. आणि ८५ मिमी एफ/१.८ किंवा ५० मिमी एफ/१.८ ही लेन्स फुल फ्रेम बॉडीच्या मानाने बरीच स्वस्त पडते.

सव्वा स्टॉपसाठी लाखभर, की सव्वातीन स्टॉपसाठी त्याचा एक हिस्सा? माझ्या लेखी हा कॅमेऱ्याचा प्रश्नच नाही, लेन्सचा आहे. एक सोय अशी की निकॉनच्या ५० आणि ८५ एफ/१.८ जी ह्या दोन्ही मुळात फुल फ्रेमच्याच लेन्स आहेत. उद्या बॉडी बदललीत तरी वाया जाणार नाहीत. १८-१४० मात्र डीएक्स, म्हणजे क्रॉपसाठीची आहे. ती फुल फ्रेमवर लावली तर कॅमेरा आपोआप मधला तुकडाच वापरतो आणि २४ मेगापिक्सेलचे १० होतात.

बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनने हाताची थरथर थांबते, राजाची उडी थांबत नाही.

टोपी_वाकडी | ३ नोव्हेंबर, रात्री ११:११

शेवटचं वाक्य मखरात बसवा. +१

रापण | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

माडाखालच्या, तुका एक इचारतंय. तू बसतंस खय? १८-१४० लांब करूक लागता म्हणजे मेल्या तू मागे खुर्चेर बसलेलो आसतलंस, मानकऱ्यांच्या वांगडा. पुढे हातरेर (चटयेर) पोरांच्या वांगडा जाऊन बस. थयसून ५० लेन्स पुरे जाता. माझे निम्मे बरे फोटो हातरेरचे आसत. पाय आखडतत, ता सोसूचा लागता.

दुसरा. आता गॅसबत्ती गेली, सगळीकडे एलईडी. ते लुकलुकतत, डोळ्याक दिसणा नाय, कॅमेऱ्याक दिसता. फोटोत आडवे काळे पट्टे येतत. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/१०० ठेव, पट्टे कमी जातत. युद्ध लागला की १/२५० वर जा आणि पाच-सात फोटो धडाधड घे, त्यातलो एकतरी गावता. लाल एलईडी तोंडार पडलो तर हिस्टोग्रामात (प्रकाशाच्या आलेखात) लाल रंग वायलो बघ. तो उजवीकडे आपटलो की तोंडाचा गाजर जाता, मग कॉम्प्युटरार काय्येक करूक येणा नाय.

वाशिष्ठीकाठ | ४ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

रापण यांना बाडीस (बाय डिफॉल्ट सहमत). आता खंड्याबद्दल, कारण त्याची बाजू घेणारं इथे कोणी दिसत नाही.

मी चिपळूणकडचा. आमच्याकडेही जून लागला की तिबोटी येतो. चिमणीएवढा पक्षी, दाट सावली, वर ढग आणि खाली चिखलात बसलेले आपण. पिल्लांसाठी पाल, कोळी, खेकडा असं काहीतरी चोचीत घेऊन बिळाशी येतो आणि दोन सेकंदांत नाहीसा होतो. २००-५०० पूर्ण लांब केली तरी पक्षी चौकटीच्या कोपऱ्यात बोराएवढा. म्हणजे क्रॉप करणं आलंच.

आणि इथेच फुल फ्रेमवाल्यांची गोची होते. त्याच जागेवरून त्याच ५०० मिमीने काढलात तर पक्षी सेन्सरवर तेवढ्याच मिलिमीटरचा पडतो, सेन्सर कितीही मोठा असो. जास्तीच्या जागेत पानं आणि दगड येतात, आणि ते तुम्ही नंतर कापूनच टाकता. कापल्यावर सव्वा स्टॉपही त्यांच्याबरोबर गेला. उरतात १० मेगापिक्सेल. तुमचा डी७२०० त्याच जागेत २४ देतो. ४५ मेगापिक्सेलचा डी८५० घेतलात तर कापून साधारण १९ उरतात, पण सव्वा लाखाच्या गणितात तो नवा बसत नाही, आणि वजनाला एक किलो. २००-५०० ची २३०० ग्रॅम वेगळी. निसरड्या व्हाळात एवढं घेऊन उतरायचं म्हणजे आधी विमा काढा.

खंड्यासाठी डी७२०० विकू नका, एवढीच विनंती. बिळाच्या तोंडाशी जाऊ नका आणि फ्लॅश मारू नका हे तुम्हाला सांगायला नको, पण धागा इतरही वाचतात.

चाकरमानी_३ | ४ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

गणिती साहेब, गणित मान्य. पण एफ/१.८ ची लेन्स मी फुल फ्रेमवर लावली तर? तुमचे सव्वातीन आणि माझा सव्वा, दोन्ही पदरात. तुम्ही अर्ध्या वाटेवर बस थांबवताय.

गणिती | ४ नोव्हेंबर, सकाळी १०:५८

थांबवत नाही, तिकीट टप्प्याटप्प्याने काढा म्हणतोय. आधी लेन्स घ्या, एक जत्रा करा. तरीही कमी पडलं तर बॉडी. उलटं केलंत तर फुल फ्रेम घेऊन पुन्हा एफ/५.६ वर बसाल, कारण लेन्सला पैसे उरणार नाहीत. पुण्यात असे तिघे मित्र आहेत माझे.

कातळफूल | ४ नोव्हेंबर, दुपारी २:२०

उशिरा आले. रत्नागिरीहून लिहितेय.

आधी थोडं अवांतर. 'फुल' हा शब्द कानावर पडला की आपला कॅमेरा अर्धवट आहे असं उगाच वाटायला लागतं. ३६ × २४ हे माप आलं सिनेमाच्या फिल्मवरून. तिथे चौकट १८ × २४ ची होती. ऑस्कर बार्नाकने फिल्म आडवी सरकवली, दोन चौकटींची एक केली, आणि १९२५ मध्ये लायका बाजारात आला. सिनेमावाल्यांच्या दृष्टीने ही 'दुप्पट चौकट' होती. त्याकाळचे मोठ्या प्लेटवर काम करणारे फोटोग्राफर तिला चिटुकली म्हणत असणार. आजही ४४ × ३३ मिमीचे सेन्सर आहेतच, त्यांच्यापुढे फुल फ्रेम म्हणजे क्रॉप. तेव्हा शब्दाचं दडपण घेऊ नका.

मी कातळशिल्पांचे फोटो काढते. साधा क्रॉप कॅमेरा, तोही जुना. कातळशिल्पाला सेन्सर लागत नाही, तिरपं ऊन लागतं. सूर्योदयानंतरचा पहिला तास किंवा मावळतीच्या आधीचा. दुपारी बारा वाजता जगातला सगळ्यात महाग कॅमेरा आणलात तरी जांभ्यावरची रेघ दिसायची नाही.

आता मुद्द्याचं. धागाकर्ते, तुमच्या मूळ धाग्यातलं एक वाक्य कोणी पकडलंच नाही. "दिव्यांभोवती धुकं असल्यासारखं वलय." हे सेन्सरचं काम नाही हो. अंधार करा, १८-१४० कॅमेऱ्यावरून काढा, दोन्ही झाकणं उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं किंवा बर्फाच्या चांदणीसारखं काही दिसतंय का? असलं तर बुरशी आहे. बुरशीमुळे प्रकाश आतल्या आत पसरतो, काळं ते राखाडी होतं आणि समोर दिवा असला की वलय उठतं. माझी एक लेन्स अशीच गेली. कापडी बॅगेत, लोखंडी कपाटात, अख्खा पावसाळा. सप्टेंबरात उघडली तर आत शेवाळाचा बगीचा.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली उतरायला तयार नसते. लेन्सला ४० ते ५० टक्के लागते. ड्राय कॅबिनेट उत्तम, पण आमच्याकडे पावसात वीज असते कुठे? मी घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवते. निळं जेल गुलाबी झालं की तापवून परत वापरायचं. पण स्वयंपाकाच्या कढईत नको, निळ्या रंगात कोबाल्ट असतं. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवणारेही पाहिलेत, त्यांना हात जोडते, कोंडा जातो सगळा आत.

टोपी_वाकडी | ४ नोव्हेंबर, दुपारी २:४१

तांदळाचा डबा वाचून उठलो आणि कॅमेरा बाहेर काढला. ताई, धन्यवाद. आईपण धन्यवाद म्हणतेय.

माडाखालचा | ४ नोव्हेंबर, रात्री ८:१५

कातळफूल ताई, टॉर्च मारला.

जाळं आहे. चांदणी म्हणालात तशीच, एक मोठी आणि बाजूला तीन पिल्लं. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, रांगोळी बरी आहे.

म्हणजे दोन वर्षं मी बुरशीतून दशावतार पाहत होतो आणि दोष सेन्सरला देत होतो. २००-५०० स्वच्छ आहे, ती माळ्यावर नसते, हॉलमध्ये असते.

वाशिष्ठीकाठ | ४ नोव्हेंबर, रात्री ८:३०

ती १८-१४० आजपासून वेगळ्या डब्यात. साफ करता येते, पण बुरशीने काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर डाग राहतो. आधी खर्च विचारा. पुष्कळदा साफसफाई लेन्सच्या जुन्या बाजारातल्या किमतीला येऊन भिडते.

मिठाची_बाहुली | ५ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

किनाऱ्यावरच्यांसाठी एक जोड. मी दापोलीची. फेब्रुवारीनंतर वेळासला, अंजर्ल्याला कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात. फ्लॅश चालत नाही, पहाट आणि संध्याकाळचाच प्रकाश, तिथेही ही एफ/१.८ कामाला येते. मात्र वाळूत लेन्स बदलू नका. घरी आल्यावर आधी ओलसर, मग कोरड्या फडक्याने बॉडी पुसा, मीठ डोळ्याला दिसत नाही. फुल फ्रेमचा सेन्सर मोठा म्हणजे धूळ बसायला अंगणही मोठं.

माडाखालचा | २९ नोव्हेंबर, दुपारी ४:३०

धागा वर काढतोय. माझाच आहे, म्हणून खोदकाम समजू नये.

गणितींचं ऐकलं. ८५ मिमी एफ/१.८ घेतली, वापरलेली, टॉर्च मारून. योगायोगाने कुडाळच्या मित्राने त्याचा फुल फ्रेम डी७५० एका रात्रीसाठी दिला. तर एकच लेन्स, दोन बॉडी, एकच जत्रा. आळीपाळीने लेन्स बदलत होतो, धुळीच्या नावाने मिठाची_बाहुली यांची क्षमा मागतो.

सेटिंग दोन्हीला तीच. एफ/२, १/२००, आयएसओ ३२००. युद्धाला १/२५०. रापण, तुमचे पट्टे आले. शांत प्रवेशांना १/१०० वर गेलो, बरेचसे गेले.

डी७२०० + ८५: मागच्या वर्षीशी तुलनाच नाही. राजा राजासारखा दिसतो, वलय गायब. पण क्रॉपवर ८५ म्हणजे १२७ सारखी, त्यामुळे मागे मानकऱ्यांच्याच ओळीत बसावं लागलं. दोघं समोरासमोर आले की एक चौकटीबाहेर.

डी७५० + ८५: तेवढ्या अंतरावरून रंगमंच बऱ्यापैकी मावतो. म्हणजे मोठा चेहरा हवा तर पुढे जावं लागतं. गेलो हातरीवर. पोरांनी जागा दिली, एकाने खाजंही दिलं. जवळून चेहऱ्याचा रंग, घामाचा ओघळ, मिशीचा डिंक, सगळं आलं. एक अडचण: ह्याचे ५१ फोकस पॉइंट मोठ्या चौकटीच्या मध्येच गोळा झालेत. नट कडेला गेला की पॉइंट तिथवर पोचत नाही. डी७२०० ला ते जवळजवळ कडेपर्यंत जातात. जवळून एफ/२ वर आणखी एक धडा. मुकुट लख्ख आणि डोळे मऊ, असे अकरा फोटो.

दोन्ही फोटो मोबाइलवर बायकोला दाखवले. फरक सांगता आला नाही. मग सावंतवाडीत १२ × १८ इंचाचे प्रिंट काढले. तिथे तिने एका झटक्यात डी७५० वर बोट ठेवलं. काळ्या पडद्यावर डी७२०० चा रवा दिसतो, डी७५० चा फार नाही. अंधारातला भाग उजळवला की अजून स्पष्ट.

प्रिंटचं सांगायचं कारण, मी दरवर्षी दशावतार कंपनीतल्या कलाकारांना एकेक मोठा प्रिंट देतो. रात्र रात्र उभे राहतात, सकाळी पुन्हा पुढच्या गावाला. त्यांच्या घरी भिंतीवर लागतात ते.

चाकरमानी_३ | २९ नोव्हेंबर, दुपारी ५:०२

म्हणजे मी बरोबर होतो.

गणिती | २९ नोव्हेंबर, दुपारी ५:०६

सव्वा स्टॉप बरोबर होतात. प्रिंट नसते तर मी जिंकलो होतो.

रापण | २९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२०

हातरी जिंकली रे. कॅमेरो खयचो का असेना.

माडाखालचा | ३० नोव्हेंबर, सकाळी ८:१०

निर्णय असा करतोय. डी७२०० विकत नाही, तो खंड्याचा. रात्रीसाठी वापरलेला डी७५० बघतोय. झेड५ वर बराच विचार केला. हलका आहे, पण ॲडाप्टर, मेनूची नवी सवय, आणि बॅटरी लवकर संपते. डी७२०० आणि डी७५० ची बॅटरी एकच चालते, आणि टिकते जास्त. रात्रभराच्या नाटकात आणि वीज नसलेल्या गावात ती गोष्ट मला फार मोठी वाटते. चाकरमानी हसतील, पण माझ्या विहिरीला अजून पाणी आहे.

उरलेल्या पैशांत ५० एफ/१.८ आणि घट्ट झाकणाचे दोन डबे. १८-१४० ची साफसफाई परवडणारी नाही, ती बुरशीसकट काचेच्या कपाटात.

रविवारी कुडाळला एक जण कॅमेरा दाखवणार आहे. वापरलेली बॉडी बघताना काय काय तपासू?

गणिती | ३० नोव्हेंबर, सकाळी ८:४५

शटर किती वेळा पडलंय ते फोटोच्या माहितीतून काढा, डी७५० चं शटर दीड लाखाला तपासलेलं आहे. एफ/१६ वर स्वच्छ आभाळाचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ आणि डाग दिसतील. झाकण लावून ३० सेकंदांचा फोटो, पेटलेले पिक्सेल दिसतील. दोन्ही कार्ड स्लॉट चालवून बघा, स्क्रीन वरखाली हलवून बघा. रबर फुगलंय का, स्क्रूवर गंज आहे का. किनाऱ्यावरचा कॅमेरा असेल तर बॅटरीचा कप्पा उघडून बघाच, मीठ तिथे सापडतं.

कातळफूल | ३० नोव्हेंबर, सकाळी ९:२०

आणि टॉर्च न्या. व्ह्यूफाइंडरमध्येही मारा.

रापण | ३० नोव्हेंबर, सकाळी ९:३३

रविवारी माका पण कुडाळाक बाजार आसा. दहाक स्टँडार भेट, दोघा मिळान बघू. आणि पुढची जत्रा खयची ता सांग, हातरेर जागा धरून ठेवतंय.

टोपी_वाकडी | ३० नोव्हेंबर, सकाळी ९:४०

ती बुरशीवाली १८-१४० फुकट असेल तर मला चालेल. माझ्या फोटोंत तसंही धुकंच असतं.